ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडत नाही, तेव्हा दोष नेमका कुठे शोधावा

सातबारा उतारा, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचे खातेपत्रक, एखादा शासन निर्णय किंवा आधारची ई-प्रत, अशी बहुतेक महत्त्वाची कागदपत्रे आता पीडीएफच्या रूपात आणि ब्राउझरमधूनच आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे दुव्यावर क्लिक केल्यावर कोरी टॅब उघडली, वर्तुळ नुसते फिरत राहिले, किंवा क्रोममध्ये ‘फेल्ड टू लोड पीडीएफ डॉक्युमेंट’ आणि फायरफॉक्समध्ये ‘इनव्हॅलिड ऑर करप्टेड पीडीएफ फाइल’ असा संदेश आला की अर्जाची मुदत जवळ आलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी ब्राउझर काढून टाकून पुन्हा टाकणे, संपूर्ण इतिहास पुसून टाकणे, संगणक फॉरमॅट करून आणणे असे उपाय सर्रास सुचवले जातात. माझ्या मते हे उपाय सर्वांत शेवटचे आहेत, कारण दोष अनेकदा ब्राउझरमध्ये नसतोच आणि या खटाटोपात साठवलेले पासवर्ड मात्र हकनाक जातात. आधी दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखावे, मगच उपायाला हात घालावा.

टप्पे समजण्यासाठी फाइलचा प्रवास थोडक्यात पाहू. आपण दुव्यावर क्लिक करतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली जिथे ठेवलेल्या असतात त्या संगणकाकडे, मागणी पाठवतो. सर्व्हर फाइल पाठवताना तिच्यासोबत ही फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि ती टॅबमध्येच दाखवायची की उतरवून ठेवायची, याच्या सूचना पाठवतो. त्या सूचना आणि आपण ठेवलेली सेटिंग्ज पाहून ब्राउझर फाइल कोणाच्या हाती द्यायची ते ठरवतो, आणि मग पीडीएफ वाचणारी प्रणाली तिची पाने पडद्यावर रेखाटते. ही वाचक प्रणाली आज ब्राउझरच्या आतच असते. फायरफॉक्समध्ये २०१३ सालापासून ‘पीडीएफ डॉट जेएस’ नावाचा वाचक आहे, तर क्रोममध्ये ‘पीडीएफियम’ आहे. पूर्वी हे काम अडोबीचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेला प्रोग्रॅम, करत असे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तशा जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधार काढून घेतला, म्हणून ‘अडोबीचे प्लगइन टाका’ हा अजूनही ऐकू येणारा सल्ला आजच्या ब्राउझरला लागू पडत नाही.

आता पहिली आणि सर्वांत उपयुक्त चाचणी. दुव्यावर उजवे क्लिक करून ‘सेव्ह लिंक अ‍ॅज’ निवडावे, फाइल संगणकावर उतरवून घ्यावी आणि ती ब्राउझरबाहेरच्या एखाद्या पीडीएफ वाचकात उघडून पाहावी. तिथे ती नीट उघडली, तर फाइल निर्दोष आहे आणि अडचण आपल्या ब्राउझरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही उघडली नाही, तर ब्राउझरला दोष देण्यात अर्थ नाही. एक तर फाइल अर्धवट उतरली आहे, किंवा जी उतरली ती मुळात पीडीएफ नाहीच. या एका चाचणीने निम्मे रान मोकळे होते.

‘ती मुळात पीडीएफ नाहीच’ हे वाक्य विचित्र वाटेल, परंतु लॉगिन करून वापरायच्या संकेतस्थळांवर असे वारंवार घडते. आपण लॉगिन करतो, अर्ज भरतो, मध्येच कागद शोधायला उठतो, आणि परत येऊन ‘डाउनलोड’ दाबतो. तोवर लॉगिनच्या सत्राची मुदत संपलेली असते. सर्व्हर कागदपत्राऐवजी लॉगिनचे पान किंवा चूक झाल्याचा संदेश असलेले पान पाठवतो आणि ते पान पीडीएफच्या नावाने आपल्या संगणकावर साठते. नाव पीडीएफचे, आतला मजकूर वेब पानाचा. साहजिकच कोणताही वाचक ते उघडू शकत नाही. हे ओळखणे फार सोपे आहे. आधी फाइलचा आकार पाहावा: जिथे काहीशे केबी अपेक्षित आहेत तिथे दोन-चार केबीच दिसत असतील तर संशय घ्यावा. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. खऱ्या पीडीएफच्या अगदी आरंभी टक्क्याचे चिन्ह, त्याला लागून पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरे, आडवी रेघ आणि १.४ किंवा १.७ असा आवृत्तीचा आकडा दिसतो. त्यापुढचा बराचसा मजकूर अगम्य चिन्हांचा असतो आणि ते स्वाभाविकच आहे. त्याऐवजी पहिल्याच ओळीत कोनी कंसात ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसले, तर ते वेब पान आहे हे नक्की. थोडे खाली वाचत गेल्यास ‘सेशन एक्स्पायर्ड’ सारखे शब्दही अनेकदा सापडतात. उपाय एवढाच की पुन्हा लॉगिन करावे आणि लगोलग फाइल उतरवावी. फाइल उतरवण्याचे बटण जर पानावरच्या स्क्रिप्टवर (पानात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालत असेल, तर ‘सेव्ह लिंक अ‍ॅज’ केल्यावरही असेच पान साठते. अशा ठिकाणी पानावरचे मूळ बटणच वापरावे.

अर्धवट उतरलेल्या फाइलची गोष्ट वेगळी आहे. पीडीएफची रचना अशी असते की कोणता घटक फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे याची सूची साधारणपणे फाइलच्या शेवटी लिहिलेली असते, आणि वाचक उघडताच प्रथम शेवटाकडे जाऊन ती सूची शोधतो. नेटवर्क मध्येच तुटले आणि शेवटचा तुकडा आला नाही, तर आधीची सगळी पाने शाबूत असूनही वाचकाला वाट सापडत नाही. काही वाचक अशा वेळी संपूर्ण फाइल चाळून सूची नव्याने बांधण्याचा प्रयत्न करतात, काही लगेच हात टेकतात. एकच फाइल एका संगणकावर उघडते आणि दुसऱ्यावर उघडत नाही, याचे एक कारण हे आहे. नोटपॅडमध्ये फाइलच्या अगदी शेवटी जाऊन पाहिल्यास टक्क्याची दोन चिन्हे आणि ‘ईओएफ’ ही अक्षरे दिसायला हवीत. ती नसतील, तर फाइल बहुधा अपुरी आहे आणि ती पुन्हा उतरवणे हाच सरळ मार्ग आहे. पुन्हा उतरवूनही तीच अपुरी प्रत मिळत असेल, तर ब्राउझर आपल्या तात्पुरत्या साठ्यातली जुनी प्रत देत असण्याची शक्यता असते. त्यासाठी संपूर्ण इतिहास पुसण्याची गरज नाही. फाइलची टॅब उघडी असताना कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की पान नव्याने मागवले जाते. डिस्कवर जागा उरली आहे की नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

फाइल निर्दोष आहे, पण टॅबमध्ये न दिसता दर वेळी थेट डाउनलोड होते, अशी तक्रार असेल तर त्याला बिघाड म्हणणे बरोबर नाही. सर्व्हरने सोबत पाठवलेल्या सूचनेत ‘जोडपत्र म्हणून द्या’ असे असेल, तर ब्राउझर फाइल उतरवूनच घेतो. फाइलचा प्रकार पीडीएफ असा न सांगता नुसता ‘बाइटचा प्रवाह’ असा सांगितला असेल, तरीही बहुधा तेच होते. मिठाच्या डब्यावर हळदीची चिठ्ठी लावावी तसा हा प्रकार असून ती चिठ्ठी बदलणे संकेतस्थळ चालवणाऱ्याच्याच हाती असते. मात्र सगळ्याच संकेतस्थळांवर असे होत असेल, तर ते आपल्या सेटिंगमुळे आहे. क्रोममध्ये सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्याच्या तळाशी असलेल्या जादा सेटिंग्जमध्ये ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’ हा पर्याय आहे. तिथे पीडीएफ उतरवायची की क्रोममध्येच उघडायची हे निवडता येते. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ विभागात ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ची यादी असते, तिच्यातील पीडीएफच्या ओळीसमोर ‘ओपन इन फायरफॉक्स’ निवडावे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही पीडीएफ नेहमी डाउनलोड करण्याचा असाच एक स्विच आहे.

सेटिंग ठीक असूनही टॅब कोरी राहत असेल, तर पुढचा संशय एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या साधनांवर, घ्यावा. जाहिराती रोखणारी, पीडीएफ ‘अधिक चांगली’ दाखवण्याचे आश्वासन देणारी आणि डाउनलोडचा वेग वाढवणारी साधने ब्राउझर आणि फाइल यांच्यामध्ये उभी राहतात. विशेषतः डाउनलोड मॅनेजर पीडीएफचा दुवा ब्राउझरच्या हातून स्वतःकडे ओढून घेतो, आणि लॉगिनची ओळख त्याच्याकडे नसली तर त्याच्या हाती वर सांगितलेले लॉगिनचे पानच पडते. याची परीक्षा म्हणून क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडावी, कारण तिथे एक्स्टेन्शन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. मात्र या विंडोत लॉगिन नव्याने करावे लागते, हे लक्षात ठेवावे. फायरफॉक्समध्ये यासाठी ‘ट्रबलशूट मोड’ आहे. तिथे फाइल उघडली, तर नेहमीच्या विंडोत परत येऊन एकेक एक्स्टेन्शन बंद करत जावे. सगळी एकदम काढून टाकली तर गुन्हेगार कोण होता ते कधीच कळत नाही. पान काळे किंवा करडे दिसत असेल पण स्क्रोलपट्टी हलत असेल, तर फाइल वाचली गेली आहे आणि अडचण चित्र रेखाटण्यात आहे. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे.

सुरक्षेसाठी ब्राउझर स्वतःहून जे अडवतो, त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. अनेक संकेतस्थळे पावती किंवा प्रवेशपत्र नव्या विंडोत उघडतात आणि ब्राउझर तिला जाहिरातीची पॉपअप समजून दाबून टाकतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला त्या वेळी एक छोटे चिन्ह उमटते. त्यावर क्लिक करून त्या संकेतस्थळापुरती परवानगी देता येते. दुसरी गोष्ट, पान ‘एचटीटीपीएस’ या सुरक्षित पद्धतीवर असेल आणि फाइलचा दुवा मात्र जुन्या ‘एचटीटीपी’चा असेल, तर अशी असुरक्षित डाउनलोड रोखण्याचे धोरण क्रोमने २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. जुन्या परिपत्रकांचे दुवे एकाएकी ‘मेले’ असे वाटते, त्यातील काही प्रत्यक्षात असे अडवलेले असतात. पत्ता कॉपी करून नव्या टॅबमध्ये टाकावा आणि त्याच्या आरंभी एक इंग्रजी ‘एस’ वाढवून पाहावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. फाइल पानाच्या आतल्या चौकटीत दाखवली जात असेल आणि ती चौकटच रिकामी असेल, तरीही फाइल स्वतंत्र टॅबमध्ये उघडून पाहावी, कारण चौकटीवर घातलेले निर्बंध स्वतंत्र टॅबला लागू होत नाहीत.

मराठी वापरकर्त्यांना खास भोवणारी एक अडचण फाइलच्या नावात असते, आणि तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. सर्व लिप्यांसाठी असलेल्या युनिकोड या प्रमाणाच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्या डोळ्यांना लहान दिसतो, पण त्यात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट; आणि वेब पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची टक्के चिन्हासह तीन अक्षरे होत असल्याने त्याच शब्दाची ९० अक्षरे होतात. अँड्रॉइड आणि लिनक्सच्या प्रचलित फाइल व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरी चिन्हे जेमतेम ८५ बसतात. आता एखाद्या कार्यालयाने परिपत्रकाचा संपूर्ण विषयच फाइलला नाव म्हणून दिला, तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि फाइल साठवताना चूक येते. विंडोजमध्ये मोजण्याची रीत वेगळी आहे, परंतु तिथे फोल्डरांसह संपूर्ण मार्गाला अनेक प्रोग्रॅममध्ये २६० अक्षरांची मर्यादा लागते, आणि फोल्डरात फोल्डर करून ठेवणाऱ्यांना ती भोवते. काही सर्व्हर देवनागरी नाव नीट संकेतबद्ध न करताच पाठवतात, तेव्हा नावाच्या जागी निरर्थक चिन्हे येतात आणि शेवटचे ‘डॉट पीडीएफ’ही कधी गळून पडते. मग फाइल कशाने उघडायची हे संगणकाला कळत नाही. साठवताना नाव बदलून लहान ठेवावे आणि शेवटी ‘डॉट पीडीएफ’ हे इंग्रजी अक्षरांत लिहावे, की प्रश्न मिटतो. कार्यालयांनीही फाइलचे नाव आटोपशीर ठेवून पूर्ण विषय पानावर लिहिला, तर शेकडो लोकांचा त्रास वाचेल.

पासवर्ड मागणारी फाइल ही बिघडलेली फाइल नव्हे. आधारच्या ई-प्रतीचा पासवर्ड म्हणजे आधारवर छापलेल्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्याला जोडून चार आकडी जन्मवर्ष. बँकांची आणि विमा कंपन्यांची रीत त्यांनी पाठवलेल्या ईमेलमध्येच दिलेली असते. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर कळफलक मराठीवर राहिला आहे का ते आधी पाहावे. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्याने आपण इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी उमटवत आहोत, हे लक्षातच येत नाही. नोटपॅडमध्ये तोच पासवर्ड एकदा टंकून पाहिल्यास खुलासा होतो.

काही फाइली उघडतात, पण त्यांत एकच वाक्य दिसते: ‘प्लीज वेट’, आणि त्याखाली आपला वाचक हा दस्तऐवज दाखवू शकत नसावा असा मजकूर. कितीही थांबले तरी पुढे काही होत नाही. हे ‘एक्सएफए’ नावाच्या पद्धतीचे भरता येण्यासारखे अर्ज असतात. कॅनडाच्या स्थलांतर विभागाचे अनेक अर्ज या प्रकारचे असल्याने तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मराठी मुलांना हा अनुभव हमखास येतो. असा अर्ज उतरवून अडोबी रीडरमध्ये संगणकावर उघडावा. फायरफॉक्स २०२१ पासून असे बरेच अर्ज दाखवू शकतो, तरी सादर करायच्या अर्जासाठी संबंधित विभागाने सांगितलेला वाचकच वापरावा. डिजिटल स्वाक्षरीबाबतही असाच गैरसमज होतो. स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसले म्हणजे कागद खोटा आहे असे नव्हे. ती स्वाक्षरी अजून तपासली गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ब्राउझरमधील वाचकावर या तपासणीसाठी विसंबू नये. अडोबी रीडरमध्ये स्वाक्षरीवर उजवे क्लिक करून ती पडताळता येते आणि तिच्या प्रमाणपत्राचा तपशीलही पाहता येतो.

फाइल उघडली, पण मराठीच्या जागी चौकोन किंवा भलतीच रोमन अक्षरे दिसत असतील, तर ती तयार करताना फाँट आत बसवलेला नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या मजकुराचे असे होते, कारण त्या फाँटमध्ये देवनागरीची वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. पडद्यावर सगळे ठीक दिसून कॉपी केल्यावर मात्र निरर्थक अक्षरे येतात, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. ब्राउझर बदलून हा दोष जात नाही. फाइल ज्याने केली त्याच्याकडे फाँट बसवलेली प्रत मागावी.

वर्डच्या फाइली ब्राउझरने टॅबमध्ये उघडाव्यात ही अपेक्षाच बहुतेक ठिकाणी चुकीची आहे, कारण ब्राउझरमध्ये सहसा त्यांचा वाचक नसतो. एजमध्ये तशी सोय आहे. इतरत्र फाइल उतरवून वर्ड, लिब्रेऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये उघडावी.

मोबाइलवर एक वेगळेच वळण आहे. व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकमधील दुवा अनेकदा त्या अ‍ॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतो, आणि अँड्रॉइडवरील या आतल्या ब्राउझरला पीडीएफ दाखवता येतेच असे नाही. कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर टिचकी देऊन दुवा क्रोममध्ये उघडावा. अँड्रॉइडवरील क्रोमही बराच काळ पीडीएफ स्वतः न दाखवता उतरवून घेत असे आणि अनेक फोनवर अजूनही तसेच होते, म्हणून फोनमध्ये एखादा विश्वासू पीडीएफ वाचक असू द्यावा. संगणक विंडोज ७चा असेल, तर त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते, त्यापुढची सुधारणा मिळत नाही. आणि इंटरनेट एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला आहे, तेव्हा त्यावर अडून राहू नये.

फाइल उघडत नाही म्हणून अगतिक झालेल्या माणसाला फसवणे सोपे असते, याचे भान सर्वांनी ठेवावे ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘तुमचा पीडीएफ वाचक जुना झाला आहे, इथून अपडेट करा’ असे एखादे पान सांगू लागले तर ते बंद करावे. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ असेल, तर आधी कितीही ‘पीडीएफ’ लिहिलेले असले तरी तो दस्तऐवज नसून प्रोग्रॅम आहे; लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून अशा फाइली फिरवल्या जातात. फाइलच्या नावाचा हा शेवटचा भाग विंडोज मुळात लपवून ठेवते, म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवण्याची खूण करून ठेवावी. तसेच आधार, पॅन किंवा जमिनीचे कागद ‘मोफत दुरुस्त करून देणाऱ्या’ अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत; मूळ ठिकाणाहून तीच फाइल पुन्हा उतरवणे केव्हाही अधिक सुरक्षित आणि बहुधा अधिक परिणामकारक असते.

इतके करूनही फाइल उघडली नाही, आणि दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या नेटवर्कवरही तोच अनुभव आला, तर दोष संकेतस्थळाच्या बाजूला आहे असे मानून त्यांच्या मदत कक्षाला लिहावे. त्या पत्रात नुसते ‘पीडीएफ ओपन होत नाही’ असे लिहिल्यास ‘ब्राउझर अपडेट करा’ हेच साचेबद्ध उत्तर येते. त्याऐवजी दुव्याचा संपूर्ण पत्ता, प्रयत्न केल्याची तारीख आणि वेळ, उतरलेल्या फाइलचा आकार, नोटपॅडमध्ये दिसलेली पहिली ओळ, ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, आणि चूक दाखवणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट द्यावा. स्क्रीनशॉटमधील आधार क्रमांक व खाते क्रमांक मात्र आधी झाकून घ्यावेत. अर्जाची मुदत जवळ असेल, तर ही तक्रार मुदत संपण्यापूर्वी लेखी पाठवून तिची पोच किंवा तक्रार क्रमांक जपून ठेवावा.